वजनमापे निरीक्षकांची तुला

कोमळवल्ली नवस बोलली तेव्हा तिच्या अगदी खांद्याला खांदा लावून फुलवाली पट्टम्मा उभी होती. पुढं जे काही झालं त्याचं मूळ एवढंच आहे. देवाशी बोलताना माणसानं आधी आजूबाजूला कोण आहे ते पाहून घ्यावं. पण लेक दवाखान्यात अडलेली, डॉक्टरीणबाईंना काही विचारलं की त्या नुसता चष्मा पुसतात, अशा वेळी कुणाला भान असतं? कोमळवल्लीनं गाभाऱ्यापुढं हात जोडले आणि नळावर भांडताना लागतो तो आवाज लावून सांगितलं, "अंबाळ, माझी मंगै आणि तिचं बाळ सुखरूप घरी येऊ दे. ह्यांची तुझ्या दारात तुला करीन."

एवढं बोलून ती थांबली. गूळ म्हणाली नाही, केळी म्हणाली नाही, साधं मीठसुद्धा म्हणाली नाही. पूवनंगुडीत दुधाचे दात न पडलेलं पोरही तुला बोलताना जिन्नस सांगतं. जिन्नस न सांगता तुला बोलणं म्हणजे मुलगी न ठरवता लग्नाचा मांडव घालणं.

मंगै सुखरूप घरी आली. बाळही आलं आणि आल्या दिवसापासून देवळाभोवतीच्या सगळ्या रथवीथीला ऐकू जाईल असं रडू लागलं. राहता राहिले 'हे', म्हणजे वैद्यलिंगम. कोमळवल्ली नवस बोलत होती त्या वेळी ते दवाखान्याच्या व्हरांड्यात, बाळं तोलायच्या काट्यावर खात्याची मोहोर का नाही यावरून नर्सशी हुज्जत घालत होते. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून त्यांचा जन्म गेला होता. निवृत्त झाले तरी काटा दिसला की त्यांचा हात खिशातल्या भिंगाकडं जाई.

त्यांना नवसाची बातमी पट्टम्माकडूनच कळली, तीही भर रस्त्यात.

"अय्या," हार गुंफता गुंफता तिनं विचारलं, "तुमचं वजन किती हो?"

वैद्यलिंगम जागच्या जागी थिजले. आयुष्यभर दुसऱ्याची वजनं तपासलेल्या माणसाला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. वजन ही माणसाची खाजगी बाब आहे, असं त्यांचं ठाम मत होतं आणि गेली काही वर्षं ते मत त्यांच्या सदऱ्याच्या बटणांबरोबर जास्त जास्त ताणलं जात होतं.

"तुला काय करायचंय?"

"मला काय करायचंय कसं? कण्हेर सांगून ठेवायला नको? एका माणसाच्या भारोभार फुलं म्हणजे चेष्टा आहे का?"

घरी येऊन त्यांनी बायकोला जाब विचारला. ती बाळाच्या दुपट्यांच्या घड्या करत होती.

"मी आजारी पडलो असतो तर माझी तुला समजू शकलो असतो. बाळंतपण मंगैचं, पारड्यात मी का?"

"ओल्या बाळंतिणीला बसवू? की आठ दिवसांच्या बाळाला? बाळाच्या भारोभार दिलं तर अंबाळ म्हणेल, बाई चिकट आहे."

"बरं. मग जिन्नस तरी सांगायचास."

"सुचला नाही," कोमळवल्ली म्हणाली आणि घडी मोडून पुन्हा घालू लागली.

आता पूवनंगुडीत देऊळ आहे, असं नकाशा म्हणतो. तिथं राहणाऱ्याला विचाराल तर देवळाच्या भोवती जेमतेम उरलेल्या जागेत पूवनंगुडी आहे. कापूर विकणारा देवळावर जगतो, कापराच्या काजळीनं काळ्या झालेल्या समया घासणारी जगते, चपला सांभाळणारा जगतो आणि चपला चोरीला गेल्या की नव्या विकणाराही जगतो. रथाच्या चाकाखाली पाचर मारणाऱ्यांच्या घरात वर्षातून एकदाच पाचर मारतात, पण मुलीकडचे विचारतात तेव्हा 'देवळात नोकरी' असंच सांगतात. अंबुजम हत्तीण सोंड डोक्यावर ठेवून आशीर्वाद देते, त्यावर तिचा माहूत सोमू जगतो. अशा गावात जिन्नस न ठरलेली, भरघोस देहाची तुला मोकळी फिरते आहे म्हटल्यावर काय होणार?

संध्याकाळी ओट्यावर पहिला आला तो गूळवाला चोक्कलिंगम चेट्टियार. याच्या दुकानातली वजनं वैद्यलिंगमांनी एकदा जप्त केली होती. ते विसरल्यासारखं दाखवत त्यानं गुळाची ढेप पुढं ठेवली.

"सार, तुला म्हणजे गूळच. शास्त्र आहे."

"कुठल्या शास्त्रात आहे?"

"ते गुरुजी सांगतील. तुम्ही आधी खाऊन बघा. खात राहा."

त्याच्या मागोमाग केळ्यांचा अडत्या तंगवेलू आला. घड त्याच्या खांद्यावर होता आणि बोलणं वाटेतच सुरू झालं होतं. "गुळानं सारांना साखरेचा त्रास होईल. केळं कसं, बाळाच्या घरात केळं शुभ. आणि ह्या अंगाला," त्यानं वैद्यलिंगमांकडं वरपासून खालपर्यंत नजर फिरवली, त्यात एखादा घड पाडाला आलाय का ते बघायची सवय होती, "ह्या अंगाला केळंच शोभेल."

"अंगावर जाऊ नका."

"अंगावरच तर जायचंय, सार. तुला दुसऱ्या कशावर करतात?"

पट्टम्मा पायरीवर बसून शांतपणे म्हणाली, "गूळ काय, दगडासारखा जड. चार ढेपा टाकल्या की अय्या वर. फुलांचं तसं नाही. फुलं हलकी. अय्यांना उचलायचं म्हणजे आमच्या सगळ्या आळीनं दिवसभर गुंफलं पाहिजे. माझ्या दोन्ही सुना लागतील."

हा युक्तिवाद ऐकून चेट्टियारनं आपली ढेप जरा पुढं सरकवली आणि तंगवेलूनं आपला घड. वैद्यलिंगम मागं सरकले. आपल्याला उचलायला किती बायका लागतील याचा हिशेब स्वतःच्याच ओट्यावर ऐकायला लागणं, हे त्यांच्या निवृत्तीच्या योजनेत नव्हतं.

शेजारी सारनाथन राहत. हे निवृत्त भूगोलशिक्षक असल्यामुळं कुठल्याही विषयावर सल्ला देत. कुंपणावरून ते हलक्या आवाजात म्हणाले, "मी सांगतो ते करा. तुलेच्या दिवसापर्यंत रात्रीचं जेवण बंद. पहाटे चारी रथवीथींना फेऱ्या. पारडं पटकन उचललं की लोक म्हणतील, माणूस काटक आहे."

वैद्यलिंगमांना हा सल्ला पटला, यावरून ते किती खचले होते ते कळेल. दुसऱ्या दिवशी पहाटे ते कॅनव्हासचे बूट घालून निघाले. पूर्व वीथी पार पडली. दक्षिण वीथीत तंगवेलूनं त्यांना आडवं येऊन थांबवलं.

"सार, हे काय चाललंय?"

"व्यायाम."

"आत्ताच का सुचला? इतकी वर्षं खुर्चीत बसलात, आम्ही काही बोललो? आता तुमच्या जिवावर मी पलीकडच्या गावाहून माल सांगून ठेवला, आणि तुम्ही निघालात झिजायला. आमच्या पोटावर पाय देऊन चालताय तुम्ही."

पुढच्या वळणावर चेट्टियारनं दुकानासमोर खुर्ची टाकूनच ठेवली होती. त्यात बसवून त्यानं गुळातला पोंगल पुढं केला, वर तूप. वैद्यलिंगम नको म्हणाले. चेट्टियारनं डोळ्यांत पाणी आणलं. गोपुरापाशी पट्टम्माची थोरली सून वडे घेऊन उभी होती. फेरी संपवून घरी पोचले तेव्हा निघताना होते त्यापेक्षा ते जडच झाले होते, आणि बुटांची नाडी सोडायला त्यांना मंगैला हाक मारावी लागली.

चार दिवस हा व्यायाम चालला. पाचव्या दिवशी सदऱ्याचं बटण तुटून कॉफीत पडलं, तेव्हा त्यांनी बूट माळ्यावर टाकले.

शेवटी ते देवळाच्या कचेरीत गेले. कार्यकारी अधिकारी कयलविळी नव्यानं बदलून आलेल्या तरुण बाई होत्या. त्यांच्या टेबलावर फक्त आवश्यक तेवढ्याच वस्तू होत्या, आणि आवश्यक तेवढंच बोलणं.

"जिन्नस?"

"तो ठरायचाय."

"जिन्नस ठरल्याशिवाय तुलेची परवानगी देता येत नाही. तुलेची वेळ ठरली नाही तर मंडप मिळत नाही."

"मुलगी या महिनाअखेर सासरी जातेय. त्याआधी नवस फिटायलाच पाहिजे, नाहीतर माझी बायको तिला उंबरा ओलांडू देणार नाही. तिच्या सासूचा रोज फोन येतो."

"मग जिन्नस ठरवा."

वैद्यलिंगमांचा स्वाभिमान तिथं अचानक जागा झाला. ते ताठ बसले. "ते होईल. पण त्याआधी मला सांगा, तुलामंडपातल्या तराजूवर खात्याची मोहोर आहे का? बिनमोहोरेच्या तराजूत मी बसणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे."

बाईंनी शिपायाकडं पाहिलं. शिपाई खाकरला. "मॅडम, मागं एका निरीक्षकानं लेखी कळवलं होतं की देवाशी होणारा व्यवहार हा व्यापार नव्हे, सबब देवळाच्या तराजूला मोहोरेची गरज नाही."

"कोण हा निरीक्षक?" वैद्यलिंगमांनी कडाडून विचारलं.

"आपणच, सार."

तत्त्वाचा प्रश्न तिथं मिटला.

घरी येऊन ते ओट्यावर पडून राहिले. आत बाळ रडत होतं, फोनवर मंगैची सासू बोलत होती आणि रस्त्यावर चेट्टियार आणि तंगवेलू एकमेकांच्या मालाची उणीदुणी काढत होते. कोमळवल्ली बाहेर आली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "सगळंच ठेवायचं. गूळ, केळी, फुलं. थोडं थोडं. मिश्र जिन्नस म्हणून बाईंना सांगा."

"हे आधीच का नाही सुचलं?"

"आता सुचलं ना?"

मिश्र जिन्नसाला परवानगी मिळाली. तराजूचा ठेका घेतलेला दोरैकण्णू आदल्या दिवशी येऊन नियम समजावून गेला. त्यात मुख्य नियम एकच. पारड्यात बसल्यापासून ते पारडं जमीन सोडेपर्यंत बसणाऱ्यानं बोलायचं नाही. हूं की चूं झालं तर तुला मोडली, नवस पुन्हा पहिल्यापासून.

"यांना जमेल का?" दोरैकण्णूनं कोमळवल्लीला विचारलं. वैद्यलिंगम तिथंच बसले होते.

"बघू," कोमळवल्ली म्हणाली.

तुलेच्या सकाळी मंडप भरून गेला होता. वैद्यलिंगम रेशीमकाठी धोतर नेसून, उघड्या अंगाला विभूती लावून पारड्यात मांडी घालून बसले. उघड्या अंगाचा नियम कुणी केला, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं; पण आता बोलता येत नव्हतं. नादस्वर सुरू झालं. समोरच्या पारड्यात चेट्टियारच्या माणसांनी ढेपा रचल्या, तंगवेलूच्या माणसांनी घड चढवले, पट्टम्माच्या सुनांनी टोपल्या रिकाम्या केल्या. जो जिन्नस येई तो दोरैकण्णू आधी काट्यावर लावी आणि मोठ्यानं आकडा सांगे. रास उंच झाली. इतकी उंच की पलीकडचे खांब दिसेनात.

पारडं हललं नाही.

"आणखी आणा," दोरैकण्णू म्हणाला.

आणखी आलं. पारडं थोडं थरथरलं आणि पुन्हा बसलं. गर्दीत कुजबुज सुरू झाली. सारनाथनांचा आवाज वैद्यलिंगमांना स्पष्ट ऐकू आला: "मी सांगितलं होतं, रात्रीचं जेवण बंद करा."

आणि तेव्हाच वैद्यलिंगमांना ती दिसली. राशीच्या मागं, दोन खांबांच्या मधून, एक करडी सोंड आत आली. तिनं केळ्यांचा एक घड अलगद उचलला आणि आली तशी ती निघून गेली. मग पुन्हा आली. या वेळी गुळाची ढेप. मंडपामागच्या बोळात अंबुजम उभी होती आणि सोमू तिला तिथं सोडून कॉफी प्यायला गेला होता. गर्दीला रास दिसत होती; तिच्या पाठीमागं काय चाललंय ते दिसत होतं फक्त समोर, पण जरा तिरक्या कोनात बसलेल्या वैद्यलिंगमांना आणि राशीजवळ उभ्या असलेल्या चारदोन जणांना.

त्यांनी तोंड उघडलं. मग मिटलं. त्यांनी भुवया उंचावल्या, मान राशीकडं उडवली, डोळे मोठे केले.

"अंबाळ दिसतेय त्यांना," एक म्हातारी म्हणाली आणि तिनं हात जोडले. तिचं पाहून इतरांनीही जोडले.

पुजाऱ्यांना कथा आठवली. तराजू अडला की तुळशीचं एक पान ठेवावं, कृष्ण उचलला गेला होता, मग हे तर निवृत्त निरीक्षक. त्यांनी मंत्र म्हणून तुळशीची जुडी राशीच्या टोकावर ठेवली. सगळा मंडप श्वास रोखून बसला. सोंड आली आणि तुळस घेऊन गेली.

"आणखी आणा," दोरैकण्णू म्हणाला.

वैद्यलिंगमांनी मदतीसाठी चेट्टियारकडं पाहिलं. चेट्टियार राशीच्या अगदी बाजूला उभा होता. त्याची नजर सोंडेबरोबर बाहेर गेली, तिच्याबरोबर आत आली आणि मग छतावरच्या चित्रांवर स्थिर झाली. त्यानं नोकराला खूण केली: आणखी चार ढेपा. तंगवेलूही पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर एक प्रकारची सात्त्विक शांती होती. दोरैकण्णूला तर जितका भार जास्त तितका ठेका फायद्यात. राशीजवळच्या सगळ्यांना दिसत होतं. जे बोलू शकत होते त्यांना बोलायचं नव्हतं, आणि ज्याला बोलायचं होतं त्याची मूठभर विभूती फासलेली छाती नुसती वरखाली होत होती.

राहिली कोमळवल्ली. राशीजवळच, मंगैच्या शेजारी बाळाला घेऊन ती उभी होती. वैद्यलिंगमांनी तिच्याकडं जीव तोडून पाहिलं, मग सोंडेकडं, मग पुन्हा तिच्याकडं. तिनं सोंड पाहिली. शांतपणे पाहिली. मग नवऱ्याकडं बघून तिनं अगदी हळू मान हलवली. नको.

बोलायचं नसलं की माणसाला विचार करावा लागतो. वैद्यलिंगमांना बऱ्याच दिवसांनी ती पाळी आली होती. राशीभोवतीचे चेहरे ते एक एक करून बघत राहिले. मंगै अडली त्या दिवशी रिक्षावाला मिळेना, तेव्हा गुळाची पोती रस्त्यावर उतरवून चेट्टियारनं आपली गाडी दिली होती. रक्त हवं म्हटल्यावर तंगवेलू धावत आला होता, सुई बघून चक्कर येऊन पडला, आणि पडल्या पडल्या त्यानं भावाला बोलावून घेतलं होतं. तो शुक्रवार होता. शुक्रवारी फुलवालीला श्वास घ्यायला वेळ नसतो. पट्टम्मानं टोपली झाकून ठेवली होती आणि ती कोमळवल्लीला धरून गाभाऱ्यापुढं उभी राहिली होती. खांद्याला खांदा लावून.

कोमळवल्लीला जिन्नस सुचला नाही, हे खोटं होतं. एकाचं नाव घेतलं असतं तर बाकीच्यांचं गाळावं लागलं असतं.

वैद्यलिंगमांनी डोळे मिटून घेतले. मंडपातून पुन्हा भक्तीचा सुस्कारा उठला.

केळी संपली. गूळ संपला, चेट्टियारच्या दुकानात, म्हणतात, त्या दिवशी मुंग्यांनासुद्धा काही उरलं नाही. मग पट्टम्माची सगळी आळी टोपल्या घेऊन आली. कण्हेर, नुसती कण्हेर. अंबुजमनं सोंडेनं ती हुंगली, नाक मुरडलं आणि तोंड फिरवलं. फुलांचा डोंगर वाढत गेला, दोरैकण्णू आकडे सांगत गेला, आणि पट्टम्माच्या धाकट्या सुनेनं शेवटची टोपली उपडी केली तेव्हा वैद्यलिंगमांना आपल्याखालची जमीन सुटल्याचं जाणवलं. नादस्वर टिपेला गेलं. बाळ रडायचं थांबलं.

दोरैकण्णूनं एकूण बेरीज सांगितली. एकशे चौऱ्याऐंशी किलो.

एकेका माणसाची नजर वैद्यलिंगमांच्या पोटावर आली आणि सभ्यपणे बाजूला गेली. गर्दीतून वाट काढत कयलविळी बाई पुढं आल्या. त्यांनी राशीकडं पाहिलं, वैद्यलिंगमांकडं पाहिलं. सोमू कॉफी पिऊन परत आला होता. हत्तिणीच्या तोंडाशी केळ्याची सालं बघून तो खांबामागं पांढराफटक उभा होता. मागं एकदा अंबुजमनं कुणाच्या लग्नातला केळीचा खांब खाल्ला, तेव्हा बाईंनीच त्याला तंबी दिली होती. पुन्हा असं घडलं तर हत्तीण वनखात्याच्या छावणीत, आणि सोमू घरी.

"सार," बाई म्हणाल्या, "मला हा आकडा जरा जास्त वाटतो. तुम्ही या विषयातले जाणकार. तुम्हीच सांगा, वजन बरोबर आहे?"

आता पारडं जमिनीवर नव्हतं. आता बोलायला हरकत नव्हती. मघापासून त्यांनी एक भाषणच मनात तयार केलं होतं, त्यात कलमं होती, दंडाची तरतूद होती. चेट्टियार धोतराचा काठ चाचपू लागला. तंगवेलूची शांती गेली होती. पट्टम्मा तेवढी सरळ त्यांच्याकडं बघत होती. आणि कोमळवल्लीनं बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं होतं, ते उगीचच.

सबंध नोकरीत ज्यांनी एक गुंजभर खोटं माप पास केलं नव्हतं, ते वैद्यलिंगम तरंगत्या पारड्यात शक्य तेवढे ताठ झाले.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "आमच्या घराण्याची हाडंच जड."

बाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. मग मागं खांबांमधून दिसणाऱ्या हत्तिणीकडं. मग पुन्हा त्यांच्याकडं. "असतात काहींची," त्या म्हणाल्या आणि त्यांनी ध्वनिक्षेपकवाल्याला मान हलवून इशारा केला.

देवळाच्या चारी गोपुरांवर कर्णे आहेत. नाव, वीथी, हुद्दा आणि किलो, असं सगळं एकेक करून चारी दिशांना गेलं. मग पश्चिम वीथीतून निरोप आला की तिकडं ऐकू आलं नाही, म्हणून ते पुन्हा एकदा, आणखी मोठ्यानं सांगण्यात आलं.